आईबाबांना युरोप दाखवायचाय? शेंगेन व्हिसाची तयारी अशी करा

सहल ठरली की आपण आधी तिकिटांचे भाव बघायला लागतो. त्याआधी आईबाबांचे पासपोर्ट कपाटातून काढा. युरोपातून निघायच्या तारखेनंतर किमान 3 महिने मुदत शिल्लक हवी, पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. काही कमी पडत असेल तर ठाणेकरांनी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरण उरकून घ्यावं.

मग देश ठरवा. शेंगेन गटात 29 देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, पण अर्ज करायचा तो जास्तीत जास्त दिवस जिथे राहणार त्याच देशाकडे. फ्रान्समध्ये 5 रात्री, स्वित्झर्लंडमध्ये 3, इटलीत 2, तर फ्रान्सकडे. दिवस समसमान असतील तर जिथे आधी उतरणार तिकडे. ‘अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिथे टाकून देऊ’ असं एजंट सुचवतात. ऐकू नका. लंडनही जोडायचं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण 45 दिवसही लागू शकतात. मे महिन्यात जायचं असेल तर दिवाळी झाली की कामाला लागा.

खरी मेहनत कागदपत्रांची. अधिकाऱ्याला दोनच गोष्टी पटवायच्या असतात: खर्च कोण करणार आणि ही माणसं परत येणार. खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र, तुमचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, पगाराच्या स्लिपा आणि नात्याचा पुरावा जोडा. पण आईबाबांचं पासबुकही सोबत द्या. दरमहा जमा होणारं पेन्शन त्यात दिसतं, आणि त्यांचं आयुष्य इथेच आहे हे त्यातून आपोआप कळतं. घराची कागदपत्रं जोडा. गावी शेती असेल तर सातबाराही लावा, मात्र तो मराठीत असतो, त्यामुळे इंग्रजी भाषांतर सोबत हवं. आणि कृपा करून अर्जाच्या आठवडाभर आधी कोणाकडून दोन लाख घेऊन खात्यात भरू नका. अशी रक्कम स्टेटमेंटमध्ये लगेच डोळ्यांत भरते.

प्रत्येक रात्रीचा मुक्काम कागदावर हवा. पॅरिसचं हॉटेल 12 तारखेला सोडलं आणि स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनचं बुकिंग 13 पासून असेल, तर मधल्या रात्रीचं काय, हा प्रश्न येणारच. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरणारा हवा. कव्हरिंग लेटर एका पानाचं पुरे: कोण, कुठे, किती दिवस, खर्च कोणाचा, परत कधी. त्यातली तारीख न तारीख तिकिटाशी आणि विम्याशी ताडून बघा.

बोटांचे ठसे द्यायला आईबाबांना स्वतः मुंबईतल्या व्हिसा केंद्रात जावं लागतं. केंद्र बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) असेल तर ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशी-नेरूळहून हार्बरने कुर्ला गाठा आणि पुढे रिक्षा करा. पत्ता मात्र अपॉइंटमेंटच्या कागदावरचाच धरा. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा, अलीकडचा. फी मोठ्यांसाठी 90 युरो, केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. नकाराचं कारण लेखी मिळतं. ते नीट वाचून अपील करायचं की कमतरता भरून नवा अर्ज करायचा ते ठरवा.

पासपोर्ट परत हातात आला की त्यातला व्हिसाचा स्टिकर लगेच तपासा: नावाचं स्पेलिंग, तारखा, किती वेळा प्रवेश, किती दिवस मुक्काम. व्हिसाची मुदत आणि मुक्कामाचे दिवस हे दोन वेगळे आकडे असतात. मुदत महिन्याची असली आणि मुक्काम 12 दिवसांचा लिहिला असला, तर राहता येतं ते 12 दिवसच. चूक दिसली तर त्याच दिवशी केंद्राला कळवा.