मोडल व्हर्ब्ज लिहिताना या चुका टाळा: 'शकतो', 'पाहिजे' आणि 'नको'चा घोळ

सांगलीत माझ्याकडे आठवी ते दहावीची मुलं इंग्रजीच्या शिकवणीला येतात. मोडल व्हर्ब्ज म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येणारे कॅन, मस्ट, शुड, मे असे शब्द. कॅन म्हणजे क्षमता, मस्ट म्हणजे बंधन, शुड म्हणजे सल्ला, हे सगळ्यांना तोंडपाठ. तरी वाक्य लिहायला दिलं की गाडी घसरते. पाठांतर कच्चं नसतं. वाक्य डोक्यात मराठीत तयार होतं आणि मराठीतला एक शब्द इंग्रजीतल्या दोन-तीन शब्दांची कामं एकटा करतो, तिथं गोची होते.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो 'शकतो'. 'आज पाऊस पडू शकतो' याचं मुलं हमखास 'इट कॅन रेन टुडे' करतात. इथं कॅन चालत नाही. आज, आत्ता, या एका वेळेची शक्यता सांगायची तर मे किंवा माइट. म्हणून वाक्यात 'कदाचित' घालून बघायचं. 'आज कदाचित पाऊस पडेल' बसलं ना? मग मे. 'ती पोहू शकते' इथं 'कदाचित' नाही बसत, पण 'तिला पोहता येतं' बसतं. मग कॅन. एक पोटनियम हुशार मुलांसाठी: 'जुलैत महाबळेश्वरला दिवस दिवस पाऊस पडू शकतो' हे एरवी नेहमी घडणारं आहे, तिथं कॅन बरोबर.

पावसाळ्यात मी पुस्तक मिटून ठेवतो आणि सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल फळ्यावर काढतो. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आता वाक्यं करायची. नुसतं आभाळ भरून आलंय: 'द वॉटर माइट राइझ'. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली: 'द वॉटर विल राइझ'. पूल कुणी पाहिला नाही, पण नदीकाठचे लोक गाद्या माळ्यावर चढवायला लागलेत: 'द वॉटर मस्ट हॅव रिझन'. हे शेवटचं नीट बघा. मराठीत आपण 'पाणी वाढलं असणार' म्हणतो. 'असणार' दिसलं की मुलं विल लिहून मोकळी होतात. पण गाद्यांवरून आपण अंदाज बांधतोय, आणि वाढणं होऊन गेलंय. म्हणून मस्ट हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप.

त्याच चित्रावर 'पाहिजे'ही सुटतो. पाणी 40 फुटांवर: सामान आवरून ठेवलं पाहिजे, 'वी शुड पॅक'. पाणी 45च्या वर: आता निघालंच पाहिजे, 'वी मस्ट लीव्ह'. मराठीत सगळा फरक त्या एका 'च'मध्ये आहे. 'मला पाणी पाहिजे'मधला 'पाहिजे' मात्र वेगळा, तिथं मोडल नाहीच, साधं वाँट. आणि 2019च्या पुराबद्दल लिहायला सांगितलं की वहीत 'वी मस्ट लेफ्ट अवर हाउस' येतंच. मस्टला भूतकाळाचं असं रूप नाही. 'घर सोडावं लागलं' म्हणजे 'वी हॅड टू लीव्ह'.

'नको'ची चूक गुणांपेक्षा महागात जाते, कारण तिथं अर्थच उलटतो. एका मुलीनं वाढदिवसाच्या निमंत्रणात लिहिलं होतं, 'यू मस्ट नॉट ब्रिंग अ गिफ्ट'. तिला म्हणायचं होतं, भेटवस्तू आणायला नको, आणली नाही तरी चालेल. वाचणाऱ्याला कळलं, खबरदार, आणायची नाही! खरं तर मराठीत हा भेद आपण दिवसातून दहा वेळा करतो. शनिवारी पोरं विचारतात, 'सर, उद्या यायला नको ना?' म्हणजे यायची गरज नाही ना: 'डोन्ट हॅव टू' किंवा 'नीड नॉट'. आणि मी कुणावर चिडून 'उद्या येऊ नको' म्हटलं, तर ते मस्ट नॉट. 'यायला नको' आणि 'येऊ नको' मोठ्यानं म्हणून बघा, फरक कानालाच कळतो.

रूपांच्या चुका पटकन सांगतो, त्या सरावानं जातात. 'शी कॅन सिंग्ज' नाही, 'शी कॅन सिंग'. 'मस्ट टू गो' नाही, 'मस्ट गो'. टू लागतो तो ऑटला. 'डज ही कॅन स्विम' नाही, 'कॅन ही स्विम'.

कुडची एक बारीक खोच राहिली. 'काल मला मिरजेची बस गाठता आली' याला 'आय कुड कॅच द बस' शोभत नाही. एकदाच जमलेल्या गोष्टीला 'वॉज एबल टू' लावा. 'गाठता आली नाही'ला मात्र कुडन्ट बिनदिक्कत चालतं. नकारात सूट आणि होकारात अडवणूक, हे मलाही कधी पटलं नाही, पण इंग्रजी तशीच आहे.

परीक्षेत अधोरेखित मोडल काय दाखवतं ते विचारतात. पहिलीपासून दारात उभं राहून 'मे आय कम इन' म्हणत आल्यामुळं मे म्हणजे परवानगी हे मुलांच्या हाडात मुरलेलं असतं. 'इट मे रेन'पुढंही डोळे झाकून 'परमिशन' लिहितात. पावसाला परवानगी कोण देणार रे, विचारलं की हसतात आणि खोडरबर शोधायला लागतात.