लोहाची गोळी चहाबरोबर नको

तीन महिने लोहाची गोळी नेमाने घेऊनही आमच्याकडे हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. मग लक्षात आलं, गोळी रोज सकाळच्या चहाच्या घोटाबरोबर जात होती! चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि बरंचसं लोह अंगी लागतच नाही. कॉफीचंही तेच.

१. गोळी रिकाम्या पोटी, अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. मळमळत असेल तर आधी थोडंसं खा.

२. चहा त्यानंतर एक-दोन तासांनी. (पहिला आठवडा जड जातो, हे मान्य.)

३. दूध आणि कॅल्शियमची गोळी लोहासोबत नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर घेतलं की प्रश्न मिटतो.

सकाळी थायरॉईडची गोळी घेत असाल, तर तिच्यात आणि लोहात किमान ४ तासांचं अंतर हवं. अशा वेळी लोह दुपारी, जेवणाच्या तासभर आधी घ्या.

ताटातल्या लोहालाही हेच लागू. मटकीच्या उसळीवर, मेथीच्या भाजीवर लिंबू पिळा आणि जेवल्याजेवल्या चहा टाळा.

गोळीमुळे शौचाला काळसर होतं, त्याला घाबरू नका. पण शौचाला काळं आणि डांबरासारखं चिकट झालं तर डॉक्टरांना दाखवा. आणि पाकीट उंच फडताळात ठेवा. रंगीत गोळ्या मुलांना चॉकलेट वाटतात, आणि लोहाचा जास्तीचा डोस लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो.