फॉरबिडन सिटी नुसती बघू नका, मोजत चला

बीजिंगला जाऊन आलेले बरेच जण सांगतात की फॉरबिडन सिटीत, म्हणजे चिनी बादशहांच्या जुन्या राजवाड्यात, तीन तास चाललो, पाय गेले कामातून आणि सगळे महाल सारखेच वाटले. वाटणारच, कारण तिथला खरा फरक नक्षीपेक्षा दिशेत आणि आकड्यांत आहे. म्हणून मोबाईलचा कंपास चालू ठेवा, झूमवाला कॅमेरा जवळ ठेवा आणि मोजायला लागा.

आधी दिशा बघा. आत शिरायचं दक्षिणेच्या मेरिडियन गेटमधून आणि बाहेर पडायचं उत्तरेला. आपल्याकडे दक्षिणमुखी घर म्हटलं की लोक नाकं मुरडतात, तिथे बादशहाचं सिंहासनच दक्षिणेकडे तोंड करून, कारण ऊन तिकडून येतं आणि थंडगार वारं उत्तरेकडून. पाठीशी डोंगर, समोर पाणी हा फंग श्वेचा (चिनी वास्तुशास्त्राचा) नियम, पण इथे ना डोंगर होता ना नदी, मग खंदक खणून निघालेली माती उत्तरेला रचून जिंगशान टेकडी केली आणि गेटच्या आत धनुष्यासारखा वळलेला पाण्याचा पाट आणला. त्यावरचे पाच पूल चुकवू नका.

आता मोजणी. विषम आकडे यांग (चिनी कल्पनेत उजेडाची, पुरुषाची बाजू), एकअंकी विषम आकड्यांत ९ सगळ्यात मोठा, म्हणून तो बादशहाचा. मेन दरवाज्यांवरचे पितळी खिळे मोजा, ९ ओळी गुणिले ९, म्हणजे ८१. पूर्वेच्या दोंगहुआ गेटवर मात्र ७२ च आहेत, का ते विचाराल तर प्रत्येक गाईड वेगळी स्टोरी सांगेल. मग छपराच्या कोपऱ्यावरची ती प्राण्यांची रांग, झूम करून मोजा, सगळ्यात पुढचा स्वार आणि मागचं ड्रॅगनचं तोंड धरायचं नाही. ताईह दियान या मुख्य दरबाराच्या हॉलवर १० प्राणी, पुढे बादशहाच्या महालावर ९, राणीच्या महालावर ७, म्हणजे कोणाचा मान किती हे छपरावरच लिहिलंय! याच हॉलचे खण पण मोजा (आपल्या जुन्या वाड्यांत मोजतात तसेच, दोन खांबांमधला एक), रुंदीत ११ भरतात. आणि ९,९९९ खोल्यांची गोष्ट ऐकून सोडून द्या, प्रत्यक्ष मोजल्या तर ८,७०० च्या आसपास भरल्या.

रंगाचं सोपंय. पिवळं म्हणजे माती, चिनी पंचतत्त्वांत (लाकूड, आग, माती, धातू, पाणी) मधली, म्हणून बहुतेक छपरं पिवळी. वेगळा रंग दिसला की थांबायचं. ग्रंथालयाचं छप्पर काळं आहे, काळा रंग पाण्याचा आणि पुस्तकांना भीती आगीची. राजपुत्रांच्या घरांची छपरं हिरवी, हिरवा म्हणजे लाकूड, पूर्व दिशा, वाढीचं वय.

बाहेर पडलात की समोरची जिंगशान टेकडी चढाच, कितीही दमला असाल तरी. वरून दक्षिणेला बघितलं की सगळी छपरं एका रेषेत दिसतात, आणि ती रेष राजवाड्यापुरती नाही, शहरभर जवळपास ७.८ किलोमीटर जाते.

दुसऱ्या दिवशी टेंपल ऑफ हेवन, बादशहा आकाशाची पूजा करायचे ते मंदिर. आकाश गोल, पृथ्वी चौकोनी हे तत्त्व इथे पायाखाली येतं, आवाराची भिंत उत्तरेला गोलाकार आणि दक्षिणेला काटकोनात. तीन मजली गोल यज्ञवेदीवर (आपल्या यज्ञासारखीच आहे म्हणून नाही, दुसरा शब्द सुचत नाही) मधल्या दगडावर फोटोसाठी ही गर्दी असते, त्या लायनीत उभं राहू नका, त्याच्याभोवतीच्या फरश्या मोजा. पहिल्या वर्तुळात ९, दुसऱ्यात १८, मग २७, असं करत वरच्या मजल्याच्या नवव्या वर्तुळात ८१. खालच्या दोन मजल्यांवर हाच हिशोब पुढे चालू राहतो आणि अगदी शेवटच्या, सत्ताविसाव्या वर्तुळात २४३ भरतात. मी तिसऱ्या वर्तुळापर्यंत मोजलं, मग मागून कोणाची तरी सेल्फी स्टिक डोक्याला लागली.