ॲक्युपंक्चरला पहिल्यांदा जाताय? सुई लावायच्या आधी हे बघा

आईच्या गुडघ्यासाठी आम्ही ठाण्यातच ॲक्युपंक्चर घेतलं, तेव्हापासून सोसायटीतल्या काकू लोक विचारत असतात म्हणून एकदाच नीट लिहिते.

पहिलं म्हणजे सुया लावणाऱ्याचं रजिस्ट्रेशन विचारा, अजिबात लाजू नका. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा २०१५ चा वेगळा कायदा आहे, कौन्सिल पण आहे, त्यामुळे नौपाड्यात मोठी पाटी दिसली म्हणून लगेच आत शिरायचं नाही.

दुसरं, सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. आम्ही आधी एका ठिकाणी गेलो तर सुया उघड्या ट्रेमध्येच ठेवलेल्या, मी आईला तशीच उठवून घेऊन आले, कारण वापरलेल्या सुईतून कावीळ बी सारखं इन्फेक्शन होऊ शकतं. सुई एकदाच वापरायची आणि मग डब्यात टाकायची, बस.

दुखतं का? सुई जेमतेम पाव मिलिमीटर जाड आणि भरीव असते, इंजेक्शनसारखी पोकळ नाही, त्यामुळे टोचताना फार कळत नाही. नंतर तिथे जड जड, झिणझिण्या आल्यासारखं वाटतं, त्याला चिनी लोक द-छी म्हणतात, ते चालतं, पण करंट बसल्यासारखी कळ आली तर सहन करत बसू नका, लगेच सांगा. वीस-तीस मिनिटं न हलता पडून राहायचं असतं. उपाशी जाऊ नका हां, चक्कर येते, आई थोडे पोहे खाऊनच जायची.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, दिवस गेले असतील तर सुई लावायच्या आधी सांगायचंच. आणि बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करा असं कोणी म्हणालं तर तिथे परत जाऊ नका. छातीत किंवा पाठीत सुया लावल्यावर दम लागला, छातीत दुखलं तर सरळ हॉस्पिटल गाठा, सुई खोल गेली तर फुप्फुसाला लागू शकते.

घरी सुया अजिबात नाही, पण दाबून बघायला हरकत नाही. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये मळमळतं ना, तेव्हा तळहात वर करून मनगटाच्या घडीपासून कोपराच्या बाजूला दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा, ती संपतात तिथे दोन कंडरांच्या (हाताला दोरीसारख्या लागतात त्या) मधे जी जागा येते ती अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा. हा नेइग्वान पॉइंट, मला बसमध्ये खरंच बरं वाटतं.

किती सेशन्स लागतील ते आधीच विचारून घ्या. पाच-सहा झाल्यावरही काहीच फरक नसेल तर पुढचं पॅकेज घेऊ नका, ऑर्थोपेडिककडे जा.