ऑर्कनीचा बेत: आधी वेळा, मग नकाशा

स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी हा बेटांचा जिल्हा आहे. सगळ्यांत मोठ्या बेटाला तिथले लोक ‘मेनलँड’ म्हणतात आणि कर्कवॉल व स्ट्रॉमनेस ही त्यावरची दोन मुख्य गावं. दोन्हींत अंतर जेमतेम 24 किलोमीटर. नकाशा पाहून वाटतं, दोन दिवसांत सगळं उरकेल, आणि फसगत तिथेच होते. मेसहाऊ या प्राचीन थडग्याची फेरी ठरल्या वेळी निघते, बर्सेच्या बेटाकडची वाट दिवसातले काही तासच पाण्याबाहेर असते, जुन्या शेतघरांची संग्रहालयं हिवाळ्यात बंद असतात. म्हणून आधी या बांधील वेळा कागदावर मांडा आणि बाकीची ठिकाणं त्यांच्या मधल्या फटींत बसवा. चार पूर्ण दिवस हाताशी असले तर धावपळ होत नाही.

पहिलं आरक्षण मेसहाऊचं करा. इसवीसनपूर्व 2800च्या सुमाराचं हे दगडी थडगं बाहेरून नुसतं हिरवं टेकाड दिसतं. आत वाटाड्याबरोबरच जाता येतं, आणि उन्हाळ्यात जागा काही दिवस आधीच भरतात. जमायचं ठिकाण थडग्यापाशी नाही. ते स्टेनेस गावातल्या स्वागत केंद्रात आहे आणि तिथून बस नेते. थेट टेकाडाकडे गाडी वळवणाऱ्यांची फेरी चुकते. फेरीच्या 15-20 मिनिटं आधी केंद्रावर पोहोचा. आत शिरायचा बोळ सुमारे 10 मीटर लांब आणि इतका बुटका, की पूर्ण वाकूनच चालावं लागतं. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर आरक्षणाआधीच याचा विचार करा, कारण मागे माणसं असताना बोळात परत फिरता येत नाही. आत फोटो काढू देत नाहीत. भिंतींवरचे रून लिपीतले कोरीव लेख मात्र नीट पाहा. बाराव्या शतकात आत घुसलेल्या नॉर्स (म्हणजे मूळच्या स्कँडिनेव्हियाच्या) मंडळींनी ते खरडले आहेत, आणि बरेचसे आपल्या गडकिल्ल्यांवर दिसणाऱ्या ‘अमुक इथे आला होता’ याच जातीचे आहेत! 21 डिसेंबरच्या आगेमागे सुमारे तीन आठवडे मावळतीचं ऊन बोळातून थेट मागच्या भिंतीवर पडतं. ते पाहायचं तर दुपारची शेवटची फेरी घ्या, पण ढग आले की काहीच दिसत नाही, हे धरून चला.

दुसरी बांधील वेळ समुद्राची. ब्रॉ ऑफ बर्से हे वायव्य टोकाचं छोटं बेट आहे. त्यावर पिक्ट या स्कॉटलंडच्या प्राचीन रहिवाशांच्या आणि नंतरच्या नॉर्स वस्तीच्या खुणा आहेत. पूर्ण ओहोटीच्या सुमारे दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत काँक्रीटच्या वाटेवरून चालत जाता येतं. चुका दोन होतात. एक, कर्कवॉलची वेळ बर्सेला लावली जाते. बर्सेचीच वेळ पाहा. दुसरी अधिक घातक: भरती-ओहोटीची बरीच कोष्टकं ग्रिनिच वेळेत छापलेली असतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर ब्रिटनमधली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा कोष्टकातल्या वेळेत एक तास मिळवायचा. कोष्टक कोणत्या वेळेत आहे ते वरच्या ओळीत लिहिलेलं असतं. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग सांगायला नको: भांगाच्या दिवसांत पाणी कमी ओसरतं, त्यामुळे वाट मोकळी राहण्याचा वेळही आखूड होतो. समुद्राकडून जोराचा वारा असला तर तो आणखी घटतो. वाट उघडताच निघा, अवशेष पाहून दीपगृहापर्यंत चढा (दीड तास पुरतो) आणि वेळ संपायच्या अर्धा तास आधी अलीकडच्या काठावर या. वाटेवर शेवाळ असतं, गुळगुळीत तळव्याचे बूट घसरतात. तिथे उभा असलेला कोरीव पिक्टिश दगड प्रतिकृती आहे. मूळ दगड एडिनबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

ओहोटीची वाट पाहत गाडीत बसू नका. बर्से परिसरातच कर्बस्टर हे जुनं शेतघर आहे. ते उन्हाळी हंगामात उघडं असतं आणि प्रवेश मोफत आहे. खोलीच्या मधोमध चूल, तिच्यात जळणारं पीट म्हणजे दलदलीतल्या मातीच्या वाळवलेल्या विटा, आणि धूर जायला धुराड्याऐवजी छपरातलं भोक. भिंतीत दगडी कोनाड्यासारखा पलंग आहे. स्कारा ब्रे हे अश्मयुगीन खेडं पाहून इथे आलात तर 5000 वर्षांत झोपायची तऱ्हा किती थोडी बदलली ते कळतं. अशा छोट्या संग्रहालयांत दुपारी जेवणाची सुट्टी असू शकते, तेव्हा वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवा.

स्कारा ब्रे हे खेडं इसवीसनपूर्व 3180 ते 2500 या काळातलं. 1850च्या वादळाने वाळू उडाली आणि ते उघडं पडलं. इथे क्रम महत्त्वाचा: आधी प्रदर्शन, मग बाहेरचं प्रतिकृतीचं घर, शेवटी खरी वस्ती. खऱ्या घरांत उतरू देत नाहीत, काठावरच्या वाटेवरून खाली पाहायचं. प्रतिकृतीत आधी फिरलेलं असलं की वरून दिसणारे दगड दगड राहत नाहीत; चूल, दोन बाजूंचे पलंग, दारासमोरची मांडणी हे सगळं ओळखू येतं. सगळं मिळून दोन तास धरा. उन्हाळ्यातल्या तिकिटात शेजारचा स्केल हाऊस हा जुना वाडाही येतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि त्याआधी कर्कवॉल बंदरात त्या दिवशी प्रवासी जहाज आहे का ते बंदराच्या वेळापत्रकात पाहा. मोठं जहाज असलं की सकाळच्या मधल्या वेळेत बसच्या बस उतरतात. उघडल्या उघडल्या जा, नाहीतर दुपार कलल्यावर. सोसाट्याच्या वाऱ्यात ही जागा बंदही ठेवतात.

दगडांची वर्तुळं शेवटी ठेवा, कारण त्यांना तिकीट नाही. स्टेनेसचे चार उंच दगड (सगळ्यांत मोठा 6 मीटरच्या आसपास) आणि 104 मीटर व्यासाचं ब्रॉडगरचं वर्तुळ एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, तेव्हा जेवून गेलात तरी चालेल, आणि गर्दीही नसते. पाऊस झाल्यावर ब्रॉडगरच्या आतली पायवाट चिखलामुळे बंद असू शकते. दोरी ओलांडू नका. दोन्हींच्या मधल्या नेस ऑफ ब्रॉडगर या अश्मयुगीन इमारतींच्या जागेचं उत्खनन 2024मध्ये संपलं आणि खड्डे बुजवले, तरी जुन्या माहितीपत्रकांच्या भरवशावर माणसं अजून तिथे शोधत फिरतात. गर्दीशिवाय थडगं पाहायचं असेल तर फिन्सटाउनजवळ कुवीन हिलला (Cuween Hill) जा. चांगला टॉर्च आणि मळली तरी चालेल अशी पँट घ्या, आत रांगतच जावं लागतं.

संग्रहालयांपैकी कर्कवॉलचं ऑर्कनी म्युझियम मोफत आहे, पण रविवारी तिथे जाण्याचा बेत ठेवू नका. सँडे बेटावरच्या नौका-दफनात सापडलेली देवमाशाच्या हाडाची कोरीव फळी तिथे आहे. समोरचं सेंट मॅग्नस कॅथीड्रल 1137मध्ये बांधायला घेतलेलं, लाल आणि पिवळ्या वालुकाश्माचं; वरच्या मजल्यांची फेरी वेगळी ठरवावी लागते. स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयाला तिकीट आहे आणि ते वसूल होतं. स्कारा ब्रेची हाडाची छोटी मानवाकृती 2016मध्ये याच संग्रहालयाच्या एका खोक्यात पुन्हा सापडली. हॉय बेटावरचं लायनेसचं स्कापा फ्लो म्युझियम (तिथल्या नौदल तळाचं संग्रहालय) हवं असेल तर हाउटनहून सुटणारी बोट धरा. गाडी नेणार असाल तर बोटीवरची जागा आधी राखून ठेवा आणि अख्खा दिवस त्यालाच द्या. लॅम्ब होम बेटावरचं इटालियन चॅपल, दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन युद्धकैद्यांनी दोन निसेन झोपड्या (अर्धगोल पत्र्याच्या) जोडून रंगवलेलं, तासाभरात होतं.

गाडी असलेली बरी. रस्त्याची बाजू आपल्यासारखीच डावी, आणि पर्यटकाला भारतीय परवान्यावर चालवता येते. एकपदरी रस्त्यांवर समोरच्याला वाट द्यायच्या रुंद जागांत गाडी उभी करून फोटो काढत बसू नका. बसने जायचं तर एक्स-1 ही कर्कवॉल-स्ट्रॉमनेस बस स्टेनेसवरून जाते, पण स्कारा ब्रे आणि बर्सेसाठी वेगळ्या, मोजक्याच बस आहेत. छत्री घरीच ठेवा, तिथला वारा ती दहा मिनिटांत उलटी करतो. टोपीचं जाड विंडचीटर आणि सुक्या मोज्यांची एक जादा जोडी घ्या. शाकाहारी असाल तर डबा बरोबर असू द्या, गर्नेस (लोहयुगीन दगडी बुरुजाचे अवशेष) आणि बर्सेच्या वाटेवर ऐनवेळी काही मिळेलच असं नाही.