इंग्रज पूर्वजांचा शोध: पॅरिशच्या नोंदवह्या आणि मृत्युपत्रे वाचताना या चुका टाळा

सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रज घराण्याच्या शोधात मदत मागायला येणाऱ्या बहुतेकांकडे वंशवृक्ष आधीच तयार असतो. त्यांना हवा असतो तो फक्त होकार. संगणकावरील सूचीत नाव आणि साधारण वर्ष जुळले की पूर्वज सापडला, अशी त्यांची समजूत असते. वास्तविक कोणते पान उघडावे, एवढेच सूची सांगते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दफनाच्या नोंदी न वाचणे. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तिन्हींची नोंद प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीने, ठेवावी, असा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये काढला. पण नवशिके बाप्तिस्म्यापाशीच थांबतात. माझे एक परिचित, ज्यांची पत्नी इंग्रज आहे, सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला भेट देण्यासाठी इंग्लंडच्या सफोक परगण्यातील त्यांच्या घराण्याचा वंशवृक्ष चौकटीत बसवून घेणार होते. त्यांनी पूर्वज मानलेल्या जॉनचा बाप्तिस्मा १६१२ चा होता, वडिलांचे नाव रॉबर्ट होते, आणि त्या रॉबर्टच्या आधारे त्यांनी थेट आठव्या हेन्रीच्या काळापर्यंत मजल मारली होती. आम्ही मूळ पानांची छायाचित्रे काढून दफने वाचली, तेव्हा ‘जॉन, रॉबर्टचा मुलगा’ १६१४ मध्येच पुरला गेल्याचे निघाले. दोन वर्षांच्या बालकाला त्यांनी नातवंडांचा धनी करून टाकले होते.

खरा जॉन शेजारच्या पॅरिशमधील एका विणकराचा मुलगा होता, आणि ते सिद्ध झाले विणकराच्या १६५६ च्या मृत्युपत्रावरून, कारण त्यात विणकामाचा माग जॉनला दिलेला होता व सुनेचे आणि नातवंडांचे नावही होते. गृहस्थांना ते आधी सापडले नव्हते, कारण ब्युरी सेंट एडमंड्स येथील स्थानिक न्यायालयाची सूची चाळून ते थांबले होते. एरवी मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांतच प्रमाणित होत. राजसत्ता उलथल्यानंतर, १६५३ ते १६६० या काळात, चर्चची न्यायालये बंद होती आणि मृत्युपत्रे लंडनमध्ये प्रमाणित होत असत. ती आज लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. स्थानिक सूचीत त्या वर्षांत काही दिसत नाही, याचा अर्थ कोणी मृत्युपत्र केले नाही असा होत नाही.

मी स्वतः बाप्तिस्मा सापडल्यावर त्या पॅरिशची आणि लगतच्या पॅरिशांची पुढील वीसेक वर्षांची दफने वाचतो, आणि तोवर नाव पेन्सिलनेच लिहितो. हे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य. परंतु एक मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवण्याची रीत असलेल्या समाजात दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

तारखांचा घोळही असाच जुना आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे विवाह मे १६४१ मध्ये आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६४१ मध्ये दिसला, तर तो विवाहानंतर नऊ महिन्यांनी झालेला असतो. तरी त्यावरून लग्नाआधीच्या मुलाची कहाणी रचणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. अशी तारीख १६४१/४२ (जुन्या गणनेने १६४१, आजच्या गणनेने १६४२) अशीच लिहावी, परस्पर दुरुस्त करू नये.

बाप्तिस्म्याचा दिवस जन्मदिवस म्हणून लिहू नये. १५५८ पूर्वीची पाने नसली तर रेक्टरला, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरूला, दोष देऊ नये, कारण १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवण्याचा आदेश निघाला, तेव्हा अनेकांनी पहिल्या एलिझाबेथच्या १५५८ मधील राज्यारोहणापासूनच नक्कल केली. मूळ वही फाटली असेल तर बिशपकडे पाठवलेली वार्षिक प्रत अवश्य मागावी.

मृत्युपत्राबाबत लोक फार घाईने निष्कर्ष काढतात. थोरल्या मुलाला एक शिलिंग दिला, किंवा त्याचे नावच नाही, एवढ्यावरून बापलेकांचे भांडण ठरवले जाते. बहुतेक प्रांतांत जमीन कायद्याने थोरल्याकडेच जात असे, आणि बऱ्याचदा लग्नाच्या वेळीच त्याला वाटा मिळालेला असे. मृत्युपत्र मुख्यतः धाकट्यांची, मुलींची आणि विधवेची सोय लावण्यासाठी होते. त्यात ‘जावई’ या अर्थाचा शब्द आला तर तो सावत्र मुलगाही असू शकतो. एकट्या मृत्युपत्रावरून मुलांची संपूर्ण यादी करणे हा आळस आहे.

शेवटी न्यायालयाचा प्रश्न. साध्या शेतकऱ्याचे मृत्युपत्र आर्चडीकनच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालील धर्माधिकाऱ्याच्या, न्यायालयात जाई, पण एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत पाच पौंडांची मालमत्ता असेल तर प्रकरण कँटरबरी किंवा यॉर्कच्या आर्चबिशपकडे जाई. परदेशी मरण पावलेल्या माणसाची इंग्लंडमध्ये मालमत्ता असल्यास कँटरबरीकडेच पाहावे. सुरतेला किंवा मुंबईला मेलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाऱ्याचा माग तेथेच लागतो. डेव्हनच्या घराण्यांना मात्र स्थानिक मृत्युपत्रांची आशा कमी ठेवावी लागते, कारण एक्सेटरमधील त्यांचा मोठा साठा १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. तेथे मी आधी मॅनॉर (जमीनदारी) न्यायालयाच्या नोंदी मागवतो, कारण जमीन कसणारे कूळ मेल्यावर त्याची जमीन कोणाकडे गेली हे त्यांत लिहिलेले असते.