फणसाच्या भावकीतलं लाकूड, आणि आजोबांसाठी केलेलं धनुष्य

मी मूळची रत्नागिरीकडची, गेली अकरा वर्षं अमेरिकेत कॅन्ससमध्ये विचिताजवळ राहते. लाकडी धनुष्य करायला मी इथेच शिकले आणि ज्यांच्या शेडमध्ये शिकले ते शेतवाले आजोबा (आमच्या घरी त्यांचं हेच नाव होतं) मागच्या नोव्हेंबरमध्ये गेले. त्यांच्या आठवणीत एक धनुष्य करायचं ठरवलं, शनिवार-रविवार करत चार महिने लागले. सुरुवात कशी करायची असं बरेच जण विचारतात, म्हणून या एका धनुष्याच्या निमित्ताने सगळं लिहून काढतेय, नवीन माणसाला उपयोग होईल आणि मलाही त्यांच्याबद्दल कुठेतरी बोलायचंच होतं.

आधी लाकूड. इथे शेताच्या बांधाला ओसेज ऑरेंजची झाडं रांगेत उभी दिसतात, कॅन्ससमध्ये त्याला नुसतं 'हेज' म्हणतात कारण १८७० च्या दशकात काटेरी तार आली, त्याआधी कुंपण म्हणून हीच काटेरी झाडं लावायचे. झाड मूळचं टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा या पट्ट्यातलं. ओसेज या तिथल्या मूळनिवासी जमातीची धनुष्यं याच लाकडाची असायची आणि फ्रेंचांनी त्याला दिलेलं नावच 'ब्वा दार्क', म्हणजे धनुष्याचं लाकूड. मी पहिल्यांदा त्याचं हिरवं खडबडीत फळ फोडलं तेव्हा हाताला पांढरा चीक लागला, लाकूड चिरलं तर आत पिवळं जर्द, आणि मला एकदम आमचं घर आठवलं. नंतर समजलं की हे झाड तुती-फणसाच्याच कुळातलं. आमच्याकडच्या फणसाच्या खांबांसारखंच हेही लाकूड उजेडाने हळूहळू तांबूस तपकिरी होत जातं. आजोबांना मी हे सांगितलं तर त्यांनी फणसाचा फोटो मागून घेतला आणि शेडच्या दारावर लावला, तो अजून तिथे आहे.

मी वापरलेली स्टेव्ह, म्हणजे धनुष्यासाठी उभी चिरलेली लाकडाची पट्टी, फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही दोघांनी फोडली होती, ते घण मारत होते आणि मी पाचरी धरत होते. करवतीने कापू नका, फोडा, कारण फोडलं की चीर लाकडाच्या तंतूंच्या रेषेरेषेनं जाते आणि झाड आतून किती पिळलंय ते लगेच कळतं. फोडल्या फोडल्या दोन्ही टोकांना लाकडाचा गोंद चोपडायचा, नाहीतर टोकं लवकर सुकतात आणि तडे जातात. सावलीत वर्ष-दोन वर्षं वाळू द्यायचं, ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आला पाहिजे, ओलं लाकूड वाकवलं तर ते तसंच वाकडं राहतं. माझ्या स्टेव्हच्या टोकावर त्यांच्या हातची सुतारी पेन्सिलीची तारीख होती, आणि एका बाजूने साल काढायला त्यांनी सुरुवातही केली होती, साधारण वीतभर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कडं धरणं, म्हणजे झाडाच्या एका वर्षाच्या वाढीचं एकच वलय पाठीवर अखंड उघडं करणं. धनुष्याची 'पाठ' म्हणजे तुमच्यापासून लांबची बाजू आणि 'पोट' म्हणजे तुमच्याकडची. ओढल्यावर पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. ओसेजमध्ये पाठीवर टोकापासून टोकापर्यंत वाढीचं एकच कडं अखंड राहिलं पाहिजे, ते कुठे तुटलं की तिथून लाकडाची सळ (लांब कपची) उचलते आणि एक दिवस धनुष्य मोडतं. माझं पहिलं धनुष्य असंच गेलं, २३ इंचांवर ओढलेलं असताना वरचा हात (धनुष्याच्या अर्ध्या भागाला आम्ही हातच म्हणतो) दोन तुकडे होऊन उडाला, आणि तुकडे जुळवून बघितले तर मी पाठीवर एका जागी दोन कडी कापलेली होती, फक्त नखाएवढ्या जागेत.

तर साल आणि तिच्याखालचं पांढरं लाकूड ड्रॉनाइफने (दोन्ही टोकांना मुठी असलेलं, आपल्याकडे ओढायचं पातं) काढून टाकायचं, मग पिवळ्या गाभ्यातलं एक जाड कडं निवडायचं. दरवर्षीच्या वाढीत दोन थर असतात, वसंतातला पातळ सच्छिद्र थर आणि उन्हाळ्यातला जाड घट्ट थर. ड्रॉनाइफ घट्ट थरातून जाते तेव्हा लांब गुळगुळीत ढलपी निघते, आणि सच्छिद्र थर लागला की पात्याखाली कुरकुर होते, चुरा पडतो. ती कुरकुर म्हणजे थांबायची खूण, खाली तुमचं कडं आहे. आजोबांना एका कानाने ऐकू येत नव्हतं, ते म्हणायचे आवाजाच्या भरवशावर राहू नकोस, मनगटाला कळतं. डोळे मिटून पातं ओढायला लावायचे. मला दोन वर्षं ते कळलंच नाही आणि मग एके दिवशी कळलं, मुठीतून हाताला अगदी बारीक थरथर येते, साखर सांडलेल्या फरशीवरून पाय घासल्यासारखी. यावेळी कडं धरायला मला तीन शनिवार गेले. एका जागी गाठ होती, तिथे कडं टेकाडासारखं वर येतं, तर आपणही त्याच्याबरोबर वर चढायचं आणि गाठीभोवती थोडं लाकूड जास्तच ठेवायचं, सपाट करायचा मोह आवरा.

हे काम करताना अंगावर, केसांत, कपड्यांवर पिवळा भुसा बसतो, घाम आला की हात हळद लागल्यासारखे होतात, या लाकडापासून पूर्वी कापडाचा रंगही करायचे. मास्क लावाच, तो भुसा घशाला बरा नाही.

आखणी थोडक्यात सांगते. माझं धनुष्य ६४ इंच, मूठ ४ इंच, मुठीच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन इंचांत उतार, तिथे रुंदी दीड इंच आणि टोकाला अर्धा. लांबी ठरवताना तुम्ही किती ओढता त्याच्या दुपटीपेक्षा चांगलीच जास्त ठेवा, पहिल्या वेळी तर २८ इंच ओढणाऱ्याने ६८ इंचच धरावं. लाकूड नागमोडी असेल तर आखणीही नागमोडीच करायची, रेषा सोडून पट्टीने सरळ आखू नका. दोरी मुठीच्या मध्यावरून जात नसेल तर हीट गनने गरम करून क्लॅम्पने वळवता येतं, ओसेज उष्णतेला छान ऐकतं.

मग टिलरिंग, म्हणजे दोन्ही हात सारखे आणि गोलाईत वाकतील असं पोटाकडून लाकूड काढत जाणं. धनुष्य इथेच होतं किंवा इथेच बिघडतं. आधी एक टोक जमिनीला टेकवून मुठीवर दाब देऊन बघा, मग भिंतीवरच्या टिलरिंगच्या खुंटावर लांब दोरी लावून, मग आखूड. रॅस्पचं (जाड दातांच्या कानशीचं) काम लवकर थांबवा आणि स्क्रेपर (खरवडायची पातळ पट्टी) घ्या, कारण जाडीचा हिशोब फार कडक आहे, ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे जाडी १० टक्के कमी झाली तर ताकद २७ टक्के गेली. दहा वेळा स्क्रेपर फिरवलात तर वीस-तीस वेळा हळूहळू ओढा, मगच काय फरक पडला ते लाकूड दाखवतं. आणि शेवटी जेवढ्या पाउंडांचं धनुष्य हवंय (पूर्ण ओढायला लागणारा जोर पाउंडांत मोजतात) त्याहून जास्त जोर मधल्या कुठल्याही टप्प्यावर लावू नका.

आजोबांचं एकच पालुपद असायचं, जिथं वाकत नाही तिथून काढ, जिथं वाकतंय तिथं हात लावू नकोस. ऐकायला सोपं आहे पण हात आपोआप वाकणाऱ्या जागेकडेच जातो, कारण नजर तिथेच असते. म्हणून ते कमकुवत जागेवर पेन्सिलीने फुली मारायचे.

मला हे धनुष्य ५० पाउंडांचं करायचं होतं, कारण ते स्वतः ५० चं वापरायचे. २२ इंचांपर्यंत सगळं छान चाललं होतं आणि मग खालच्या हातात, गाठीच्या जरा पुढे, एका जागी बिजागरीसारखं वाकायला लागलं. मी फुली मारली आणि रविवारभर काही केलं नाही, नुसती बघत बसले. आकडा वाचवायचा तर ती जागा तशीच ठेवून पुढे ओढायचं, आणि मग पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या पडणार, त्या पडल्या की लाकूड तिथे चेपलं गेलं, परत येत नाही. लाकूड वाचवायचं तर बाकी सगळीकडून खरवडून त्या जागेच्या बरोबरीला आणायचं आणि आकडा सोडून द्यायचा. पुढचे दोन आठवडे मी खरवडत होते. शेवटी २६ इंचांवर ३८ पाउंड आलं. त्या संध्याकाळी मी शेडमध्ये रडले, धनुष्य बिघडलं म्हणून नाही, गोलाई इतकी सुंदर आली होती आणि दाखवायला ते नव्हते.

नवीन लोकांना मी हेच कळकळीने सांगते की पहिल्या तीन धनुष्यांना आकडा ठरवूच नका. आणि पहिलं धनुष्य ओसेजचं करू नका, सरळ रेषांची हिकरीची (इथलं एक चिवट लाकूड) फळी घ्या, तिथे कडं धरायची भानगड नाही, रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ पळतात एवढं बघून घ्या. महाराष्ट्रातल्या लोकांनी ओसेजच्या मागे लागायचं कारणच नाही. भिल्लांचा तीरकामठा बांबूचाच असतो, बांबूची कामठी (पातळ पट्टी) दोरी म्हणूनही वापरतात, आणि नियम तोच, बांबूची बाहेरची साल हीच पाठ, तिला कापू नका, काढायचं ते आतून. नंदुरबार-धडगावकडे किंवा मेळघाटात ओळख असेल तर जाऊन कुणा म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, मला आठ वर्षांत जे कळलं ते त्यांच्या हाताला लहानपणापासून ठाऊक असतं.

शेवटचं काम म्हणजे घासणं, जवसाच्या तेलाचे चार-पाच हात, डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याची दोरी आणि मुठीला कातडं. मी कातडं अर्ध्याच मुठीला लावलं. उरलेल्या भागात बाजूला आजोबांच्या ड्रॉनाइफच्या खुणा आहेत, त्यांनी वीतभर सोललं होतं ना ती जागा मी आखणी करताना मुद्दाम मुठीत घेतली. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या ओत्सी या प्राचीन माणसाच्या मृतदेहाजवळ यू झाडाच्या लाकडाचं अर्धवट धनुष्य होतं, पाच हजार वर्षांनंतरही त्यावर हत्याराच्या खुणा दिसतात. त्याचा फोटो आजोबा प्रत्येक नवीन माणसाला दाखवायचे, तेव्हा मला त्यात काय एवढं असं वाटायचं.

वापरताना बाण लावल्याशिवाय ओढून सोडू नका, दोरी चढवून ठेवून देऊ नका, आणि उन्हात गाडीत तर अजिबात नाही.

धनुष्य आता त्यांच्या नातीकडे आहे. ती पंधरा वर्षांची आहे, २६ इंचच ओढते. दिलं तेव्हा ते हळदीसारखं पिवळं होतं, परवा तिने फोटो पाठवला तर तांबूस व्हायला लागलंय, तिला वाटलं खराब होतंय म्हणून घाबरून विचारत होती. मी तिला शेडच्या दारावरच्या फोटोबद्दल सांगितलं. येत्या फेब्रुवारीत तिच्या बांधावरचं एक झाड पाडायचं आहे, पाचरी ती धरेल.